तीर्थाचा तांब्या

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि सहीपेक्षा जास्त काही लिहायची वेळही फारशी कुणावर आलेली नाही. त्यामुळे चारचौघांनी वाचावं असं काही लिहायला बसणं हा मला जरा आगाऊपणाच वाटतो. आमच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "लहानपणीचं जे डोळ्यांपुढून जात नाही, तेवढंच लिही. शब्द साधे असले तरी चालतील." म्हणून धीर केला. पण आज लिहायला बसण्याचं खरं कारण वेगळं आहे. माझी ताई बाळंतपणासाठी शहरातल्या मिशनच्या दवाखान्यात भरती आहे. मी काल तिथल्या ओसरीत इतक्या येरझाऱ्या घातल्या की आईनं मला हाकलूनच दिलं. "तू जाय गा तुझ्या खोलीवर. तुले पाहून माझंच काळीज धडधडून राहिलं. काही झालं का फोन करतो." तेव्हापासून मी शहराच्या कडेच्या वाडी भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसलो आहे. बाहेर गोदामांसमोर ट्रक लागतात, निघतात, खिडकीचं तावदान थरथरतं आणि प्रत्येक थरथरीला मला वाटतं, फोन वाजला…

फोन वाजत नाही. म्हणून लिहितो.

डोळ्यांपुढून जात नाही ती एक पांढरी जीपगाडी. आमचं गाव नागपूरजवळच्या कुहीच्या पलीकडे, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मधून एक पाट आणि पाटाच्या कडेनं कच्चा रस्ता. आठवड्यातून एकदा त्या हिरव्या-हिरव्या धानातून ती गाडी डुलत डुलत यायची — आधी नुसता टप दिसायचा, जणू एखादा मोठा बगळा धानावरून सरकत येतोय, मग काच चमकायची आणि मग पीटरकाकांचा तो लांबलचक हॉर्न! त्या हॉर्नसरशी आम्ही सगळी पोरं हातातलं टाकून धावत सुटायचो. चिखलाचा वास, ओल्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा वास आणि गाडीचं मागचं दार उघडलं की एकदम अंगावर येणारा स्पिरिटचा थंडगार, झणझणीत वास… आजही दवाखान्यात तो वास आला की मला आजारपण आठवत नाही, जत्रा आठवते.

गाडीतून सिस्टर रोझलीन उतरायच्या. करड्या रंगाची साडी, गळ्यात लाकडी क्रूस, पायात रबरी चपला. त्या दूर दक्षिणेतल्या, समुद्राजवळच्या गावच्या. मराठी त्या नागपूरला येऊन पुस्तकातून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांचं बोलणं शाळेच्या धड्यासारखं असायचं. "आजी, आपणास वेदना कुठे होत आहेत?" असं त्यांनी विचारलं की आजी पीटरकाकांकडे बघायची. पीटरकाका गाडी चालवायचे, पण जन्म नागपुरातला, त्यामुळे दुभाषाचं कामही त्यांच्याकडेच. ते टायरला टेकून ओरडायचे, "कुठं दुखून राहिलं वं माय?" आणि आजी लगेच गुडघे पुढे करायची. पुढे पुढे सिस्टरही शिकल्या. आपल्या त्या गोल गोल दक्षिणी उच्चारात "काहून नाही घेतली गा गोळी?" असं त्या दटावायच्या, तेव्हा ज्याला दटावलं तोसुद्धा हसायचा.

दवाखाना भरायचा तो मारुतीच्या देवळापुढच्या टिनाच्या मंडपात, कारण पावसाळ्यात गावात कोरडी फरशी तेवढीच होती. यावरून सुरुवातीला गावात कुजबुज झाली होती. मिशनची बाई, देवळाचा मंडप… काही म्हाताऱ्यांनी स्पष्टच विचारलं, "बाई, तुमी आमाले बाटवायले तं नाही आल्या?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "माझ्या देवाने मला आजाऱ्यांकडे पाठवले आहे. ते मी लपवणार नाही. पण औषधाच्या बदल्यात तुमच्याकडून मला काहीही न्यायचे नाही." मग असं ठरलं की मंडपात त्यांनी प्रार्थना करायची नाही. त्यांनी ते मानलं. त्या गाडीतच, दार लावून, औषधांच्या पेटीवर हात ठेवून प्रार्थना करायच्या आणि मगच उतरायच्या. काचेला नाक लावून आम्ही ते बघायचो — मिटलेले डोळे आणि हलणारे ओठ. आवाज ऐकू येत नसे. त्या वेळी आमच्यातलं सगळ्यात वांड पोरगंसुद्धा गप्प उभं राहायचं.

एकदा पाटाजवळ गाडी फसली, यायला उशीर झाला, आणि सिस्टर घाईघाईनं तशाच उतरून गोळ्या वाटायला लागल्या. रांगेत पहिली होती गिरजामाय. गिरजामाय म्हणजे गावातल्या सगळ्या पूजा-अर्चेची मुखत्यार. कुणाच्या घरी काय मांडायचं, कोणती पत्री आणायची, कोणतं गाणं आधी म्हणायचं, हे तिच्याशिवाय ठरायचं नाही. तिनं गोळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"आज मंतर नाही मारला गोळ्याईले."

"मंत्र नाही माय, प्रार्थना," सिस्टर हसून म्हणाल्या. "आणि त्याशिवायही गोळी लागू पडते."

"पडत असन. तरी मारून घ्या. आमी थांबतो."

अख्खी रांग थांबली. सिस्टर पुन्हा गाडीत गेल्या, दार लावलं, डोळे मिटले. आणि मंडपात प्रार्थना नको म्हणणारे तेच म्हातारे टोप्या काढून उभे होते!

आता ताईबद्दल सांगायला हवं. वैशाली, माझ्याहून मोठी. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस आले, हवेत गारवा आला की तिचे हातपाय दुखायला लागायचे. दुखायचे म्हणजे कसे, ते मी लिहू शकत नाही. ती ओढणीचा बोळा दातांत धरून भिंतीकडे तोंड करून पडायची. आई विटा गरम करून फडक्यात गुंडाळून तिच्या पोटऱ्यांना लावायची, बाबा तिचे तळवे चोळत राहायचे, आणि मी दारात बसून बाहेरच्या गारव्यावर रागावायचो. कुणी म्हणे वारा लागला, कुणी म्हणे बाहेरचं आहे. सिस्टरनी तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला, बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि नागपूरला नेला. पुढच्या खेपेला त्या थेट आमच्या घरी आल्या. कुडाला आईचा विळा खोचलेला होता. तो त्यांनी हातात घेतला.

"रक्तात लाल कण असतात. गोल, गुळगुळीत. वैशालीच्या रक्तातले काही कण या विळ्यासारखे वाकतात. मग एकमेकांत अडकतात. जिथे अडकतात तिथे दुखते. याला सिकलसेल म्हणतात. हे कुणी केलेले नाही, तुम्हां दोघांच्या रक्तातून थोडे-थोडे आले आहे."

आईनं विळ्याच्या वाकलेल्या पात्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे पाटात पाणी कमी झालं का मोरीत तनस अडकते, तसं?"

"तसंच!" सिस्टर जवळजवळ ओरडल्याच. "अगदी तसंच! म्हणून हिला पाणी हवे. भरपूर. सतत. आजार पूर्ण जाणार नाही, पण पाणी वाहते राहिले तर ही मोठी होईल."

ही मोठी होईल… त्या दिवसापासून आमच्या घराचा एकच ध्यास झाला — ताईनं मोठं व्हावं. रोजच्या गोळीबरोबर पाणी. शाळेत जाताना पाण्याची बाटली, पडवीत तिचा वेगळा माठ, बाबांचं "पेली का वं?" आणि तिचं कंटाळून "पेली न बाबा!" पोरं तिला 'पाणीवाली' म्हणून चिडवायची. ती चिडायची नाही, बाटली उघडून त्यांच्यासमोर गटागटा प्यायची. दुखणं खरोखरच कमी झालं. एक रोवणं असं गेलं की वीट गरम करावीच लागली नाही. आम्ही हरखून गेलो.

आणि मग हरतालिका आली.

पोळा सरला की मुलींची एकच धांदल उडते. नाल्यावरून वाळू आणायची, तिची गौर मांडायची, पत्री गोळा करायची, वर फुलोरा टांगायचा आणि दिवसभर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. ताईला आईनं आधीच बजावलं होतं, तुझा उपास नाही. पण नाल्याच्या वाटेवर कुणीतरी बोललं, "पाणीवालीले उपास जमते का? अन् उपासच नाही तं नवरा कुठचा? दुखऱ्या पोट्टीले करन कोण?" सगळ्या खिदळल्या. ताईनं बाटली तिथेच करंजाच्या झाडाच्या बेचक्यात ठेवली आणि वाळूची टोपली डोक्यावर घेतली.

दिवस कलायला लागला तेव्हा ती गिरजामायच्या अंगणात, गौरीसमोरच कोसळली. मी तिथेच होतो. तिचे ओठ पांढरे, हात छातीशी घट्ट आवळलेले, आणि ती नुसती "आई… आई…" म्हणत होती. बाबांनी पीटरकाकांना फोन लावला. तो गाडीचा वार नव्हता, तरी ती आली. हॉर्न न वाजवता आली. मला आठवतं, त्या दिवशी धानातून येणारा तो पांढरा टप पाहून मी पहिल्यांदाच धावलो नाही.

दवाखान्यात तिला सलाईन लागलं, रक्त चढलं, नाकाला नळी लागली. इकडे गावात वेगळंच शिजत होतं. मिशनच्या बाईनं पाणी पाजून पाजून पोरीचा उपास आधीच बंद पाडला होता म्हणून गौराई कोपली, आता गाडी मंडपात येऊ द्यायची नाही, असं काही जण म्हणायला लागले. आणि मग एका सकाळी तोच लांबलचक हॉर्न वाजला, गाडीच्या खिडकीतून ताईचा वाळलेला, हसरा चेहरा बाहेर आला — आणि मी असा धावलो, असा धावलो, की बांधीत पडून चिखलानं माखूनच तिच्यापुढे उभा राहिलो. "अरे, तुलेच आंघोळ घालायले पाणी पुरनार नाही आता," ती म्हणाली.

त्याच दिवशी मंडपात ते बोलणं झालं. सिस्टर आणि गिरजामाय समोरासमोर बसल्या होत्या, भोवती अर्धं गाव. मला वाटलं, आता भांडण होणार.

सिस्टर म्हणाल्या, "माय, उपास मीही करते. आमच्याकडे गुड फ्रायडेच्या आधी दर शुक्रवारी असतो. उपासाला मी कधी नाव ठेवणार नाही. पण आमच्यात आजाऱ्याला उपास माफ असतो. तुमच्यात काय आहे?"

गिरजामायनं पदराचं टोक चाळवलं. "हरतालिकेले माफी नाही बाई. करायचा तं निर्जळीच. अन् ह्या पोट्टीले करायचा आहे, मी तिच्या डोळ्यात पाह्यलं." मग तिनं आवाज खाली आणला. "पण… तीर्थाले नाही म्हनता येत नाही. तीर्थानं उपास मोडत नाही. नाही म्हटलं तं पापच."

सिस्टर पुढे सरकल्या. "तीर्थ किती घेतात?"

"पळीभर."

"आणि तांब्याभर घेतले तर?"

गिरजामायच्या सुरकुतल्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "गौराईच्या घरी काय माप ठेवलं आहे?"

"मग एकच करा. ते पाणी उकळून गार केलेले असू द्या."

"गौराईले उकळलेलं पानी!" गिरजामायनं कपाळावर हात मारला. "बरं बाप्पा, तेही करू. पावसाळ्याचं तिलेही बरं वाटन."

मंडपात असं हसू फुटलं की देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली.

पुढच्या वर्षीची हरतालिका मी आयुष्यभर विसरणार नाही. गिरजामायच्या अंगणात वाळूची गौर, तिच्यावर आघाडा, दुर्वा, बेल, कण्हेरीची फुलं, आणि पुढे घासून लखलखीत केलेला मोठा पितळी तांब्या. त्यात आदल्या दिवशी उकळून ठेवलेलं पाणी, वर तुळशीचं पान. सिस्टर मुद्दाम आल्या होत्या आणि अंगणाच्या कडेला, चपला काढून उभ्या होत्या. पूजा झाली. गिरजामायनं आधी पळीभर तीर्थ घेतलं आणि सगळ्यांना सोडून सिस्टरपुढे जाऊन उभी राहिली. "घ्या."

सगळ्यांच्या माना सिस्टरकडे वळल्या. आता ही बाई काय करते? नाही म्हटलं तर वर्षभर टिकलेलं हसू पुसलं जाणार. घेतलं तर तिच्या देवाला काय वाटेल, असाही विचार माझ्या त्या एवढ्याशा डोक्यात आला होता. सिस्टरनी ओंजळ पुढे केली. तीर्थ ओंजळीत घेतलं. डोळे मिटले. आणि त्यांचे ओठ हलले — अगदी तसेच, जसे गाडीच्या काचेतून दिसायचे. मग त्या चार पावलं चालत ताईजवळ आल्या आणि ओंजळ तिच्या ओंजळीत रिकामी केली.

"आज हिला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे," त्या म्हणाल्या.

ताई प्यायली. गिरजामाय आनंदानं ओरडलीच, "घ्या! आता तं लागनच! दोघींचा मंतर पडला!"

आणि मग सुरू झालं… गाणी चालू, झिम्मा चालू, आणि मधून मधून गिरजामायची हाक, "वैशे, तीर्थ!" ताई यायची, तांब्यातून घ्यायची, पुन्हा खेळायला पळायची. "वैशे, थोडं ठेव वं, गौराई तहानली असन!" मैत्रिणी ओरडायच्या. तेवढ्यात पोटुशी असलेली एक सून हळूच ओंजळ पुढे करून उभी राहिली. मग डोकं दुखणारी एक काकू. मग ज्या मुलीनं नाल्यावर नवऱ्याचं काढलं होतं तीसुद्धा — "मलेही दे ना वं माय, गळा सुकला." तांब्या पुन्हा भरला गेला, पुन्हा उकळलेल्या पाण्यानं. तेव्हापासून आमच्या गावात हरतालिकेचा उपास असाच होतो. निर्जळी म्हणजे निर्जळीच, फक्त तीर्थ हवं तेवढं!

आता ती गाडी येत नाही. रस्ता डांबरी झाला, गावाजवळ सरकारी उपकेंद्र झालं, मंडपालाही पक्कं छत आलं. सिस्टर फार थकल्या, तेव्हा त्यांना त्यांच्या समुद्राकाठच्या गावी परत नेलं. निरोप घेताना त्या ताईला म्हणाल्या होत्या, "लग्न ठरवशील तेव्हा आधी मुलाचे रक्त तपास, मग कुंडली." ताईनं ते पाळलं. भाऊजींचं रक्त चांगलं निघालं, तेव्हाच आमच्या घरी साखर वाटली. गिरजामायही गेली. तिचा पितळी तांब्या तिच्या सुनेनं ताईला लग्नात दिला. पीटरकाका मात्र आहेत. परवा दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनीच मला ओळखलं. डोळे अधू झालेत, गाडी सोडलीय, पण हसणं तेच. म्हणाले, "घाबरू नको गा. आपली वैशी पाणीवाली आहे."

पण मी घाबरलो आहे. सिकलसेल असलेल्या बाईचं बाळंतपण सोपं नसतं, हे डॉक्टरांनी आम्हाला सुरुवातीलाच नीट बसवून सांगितलं होतं. ताईनं मोठं व्हावं एवढंच आम्ही मागत आलो. ती मोठी झाली, आणि आता तिनं यातूनही पार व्हावं, असं मी या कागदावर लिहून पुन्हा मागतो आहे. कोणाकडे, ते मला नीट सांगता येणार नाही. काचेआडून हलणारे ते ओठ आणि तो तांब्या, दोन्ही माझ्या मनात एकाच ठिकाणी ठेवलेले आहेत.

बाहेर पुन्हा एक ट्रक निघाला. तावदान थरथरलं…

नाही, या वेळी फोनच होता!

घाईत बोट भलतीकडेच पडलं आणि पहिल्यांदा तो कटलाच. मी परत लावला. पलीकडे आई रडत होती आणि हसतही होती, आणि मला काही क्षण काहीच कळेना.

"पोरगी झाली गा! तू मामा झाला! दोघी बऱ्या आहेत. डॉक्टरीन म्हने, पोरीत आईचा अंश येनारच, पन आजार नाही येनार तिले. आयकून राहिला ना?"

"ताई? ताई बोलते का?"

"बोलते म्हंजे! डोळे उघडल्या उघडल्या पोरीले पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं…" मागे बाळाचा बारीक, रागावलेला रडका सूर ऐकू येत होता. "अन् म्हनते कशी, आई, आधी तीर्थ दे वं."